जुन्या संपादकाकडे परत जा

मी सूड घेतला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी माझ्यात मोठं मन शोधत बसायला नको. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. माझे अकरा वर्षांत फिटले, तेही एका बटणाने.

मी हेमांगी टिळेकर. सांगलीच्या कृष्णाकाठ कंदपीक संशोधन संस्थेत वेबसाइट सांभाळते. शिक्षणाने मी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आहे. मग वेबसाइट का सांभाळते, हीच गोष्ट आहे.

आमच्याकडे पूर्वी हळद पेवांत साठवत. पेव म्हणजे नदीकाठच्या मातीत खोल खणलेला, तोंडाशी अरुंद आणि पोटात मोठा असा खड्डा. त्यात हळद वर्षानुवर्षं राहायची आणि किडायची नाही. आत हवा नसते म्हणून किडत नाही, असं सगळे सांगायचे. मला ते पटेना. मी हरिपूरच्या एका बुजत आलेल्या पेवात दोरीने उतरले, भिंतीची माती खरवडून आणली आणि दोन वर्षं तिच्या मागे लागले. त्या मातीत मला एक जिवाणू सापडला. हळदीच्या कंदकुजीची बुरशी तो अक्षरशः खाऊन टाकायचा. तारीख, वार, तापमान, सगळं मी एका लांब वहीत हाताने लिहून ठेवलं होतं.

आमचे संस्थापक संचालक डॉ. चंद्रहास रेठरेकर यांनी तो शोध स्वतःच्या नावाने छापला. जिवाणूला नाव दिलं 'चंद्रहास-एक'. आज राज्यभर हळदीच्या शेतात त्याची भुकटी टाकतात. निबंधाच्या शेवटी आभारात माझं नाव होतं, वाहनचालकाच्या खाली. मी तक्रार केली. समितीने वही मागितली. मी कपाट उघडलं तर वही गायब. पुराव्याअभावी तक्रार निकालात निघाली आणि पुढच्या सोमवारी रेठरेकरांनी मला केबिनमध्ये बोलावून गोड आवाजात सांगितलं, "टिळेकर, तुमची भाषा फार चांगली आहे. तुम्ही वेबसाइट बघा."

अकरा वर्षं मी वेबसाइट बघितली.

दोन वर्षांपूर्वी संस्थेने 'समरस' नावाचा संपादक घेतला. संपादक म्हणजे माणूस नव्हे, वेबसाइटवर मजकूर लिहायचं सॉफ्टवेअर. जुन्या संपादकात तुम्ही 'क' टाइप केला की 'क'च साठायचा आणि जगभर 'क'च दिसायचा. समरस अक्षरं वापरतच नाही. तुम्ही लिहिलेल्याचा तो आशय काढतो. कुणाबद्दल लिहिलंय, काय म्हणायचंय, राग किती, लोभ किती, असा एक नकाशा तयार करतो. मग वाचणारा पान उघडतो तेव्हा त्याच्यासाठी त्या नकाशावरून नवा मजकूर लिहितो. शेतकऱ्याला शेतकऱ्याच्या भाषेत, मंत्र्याला मंत्र्याच्या. वाचणाऱ्याच्या मनगटावरची पट्टी त्याची नाडी सांगत असते. वाक्य झोंबलं की नाडी चढते आणि पुढचं वाक्य समरस आपोआप मऊ करतो. एकच पान शंभर माणसं वाचतात आणि शंभर वेगळी पानं वाचतात. कुणाचंच मन दुखत नाही. कंपनीची जाहिरातच तशी होती.

आमच्या लोकांनी याचा जो उपयोग केला, तो कंपनीच्या स्वप्नातही आला नसेल. काहीही लिहिलं तरी पोचताना गोडच होतं हे महिन्याभरात सगळ्यांना कळलं, आणि लोक मनातलं लिहायला लागले. रजेचे अर्ज, कार्यालयीन टिपणं, सगळं समरसमधूनच जायचं. लेखा विभागातले एकजण रजेचा अर्ज 'ए टकल्या, तीन दिवस येणार नाही, काय करायचं ते कर' असा लिहायचे. साहेबांच्या पडद्यावर 'आदरणीय महोदय, कौटुंबिक कारणास्तव' असं उमटायचं. आमच्याकडे म्हणच पडली होती, शिवी लिहा, ओवी जाते. डोकं शांत राहायचं, कामही व्हायचं. मूळ टाइप केलेलं कुठे जातं, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. मलाही नाही.

यंदा रेठरेकरांचा अमृतमहोत्सव ठरला. पंचाहत्तर वर्षं म्हटल्यावर गौरवांक आलाच, आणि तो वेबसाइटवर करायचा म्हटल्यावर मी आलेच. प्रत्येक कर्मचाऱ्याने साहेबांची एक आठवण लिहायची असं परिपत्रक निघालं. एकशे बासष्ट आठवणी आल्या. वाचताना मला उलटी यायची बाकी राहिली होती. 'वटवृक्ष', 'दीपस्तंभ', 'पितृतुल्य'. मी स्वतः एकच शब्द लिहिला होता: चोर. समरसने त्याचं केलं, 'दुसऱ्याच्या कामातलं मोल अचूक ओळखून ते आपलंसं करण्याची त्यांची दृष्टी विरळाच.' खरं सांगते, मला हसू आलं होतं.

मग समरसची नववी आवृत्ती आली आणि नेहमीप्रमाणे चालू असलेलं सगळं मोडलं. हळदीच्या वाणांचे तक्ते उलटेपालटे झाले, फोटो मजकुरावर चढून बसले. अशा वेळी जगातला प्रत्येक वेबसाइटवाला करतो तेच मी केलं. सेटिंगमध्ये गेले आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरांत असलेलं बटण शोधलं. 'जुन्या संपादकाकडे परत जा.' खाली सूचना होती की ही सोय अद्ययावत झाल्यापासून तीस दिवस राहील. मी शहाणी आहे, म्हणून आधी वेबसाइटच्या चाचणी-प्रतीवर दाबून बघितलं. ती प्रत मला एकटीलाच दिसते.

तक्ते सरळ झाले. आणि गौरवांकाचं पान उघडलं तर पहिलीच ओळ होती, 'म्हातारा एकदाचा खपला की पेढे वाटीन.'

क्षणभर मला वाटलं कुणीतरी वेबसाइट फोडली. मग डोक्यात प्रकाश पडला. जुन्या संपादकाला आशय-बिशय काही कळत नाही, त्याला अक्षरं लागतात. आणि अक्षरं होती. उद्या कोर्टकज्जा झाला तर मूळ मजकूर हाताशी हवा, म्हणून समरस प्रत्येकाचं मूळ टंकन तळाशी जपून ठेवतो. नुसता मजकूर नाही, टंकनाची लयही. कुठल्या दोन कळांमध्ये कुणाचं बोट किती थांबतं, हे चालण्यासारखं ज्याचं त्याचं असतं, त्यामुळे कुणी लिहिलं ते नाकारता येत नाही. जुन्या संपादकाने तळघराचं झाकण उघडून सगळं वर आणलं होतं.

मी दार लावून घेतलं आणि एकशे बासष्ट आठवणी वाचल्या. दीपस्तंभ लिहिणाऱ्याने काय लिहिलं होतं ते इथे छापण्यासारखं नाही. मी पोट धरून हसले. अकरा वर्षांत इतकी हसले नव्हते. या संस्थेत मी एकटी नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

एकशे सदतिसावी आठवण सुनेत्राताईंची होती.

सुनेत्रा कोष्टी म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या ज्येष्ठ सहायक. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठ्या. माझी बदली झाली तेव्हा सगळ्या संस्थेने माझ्याशी बोलणं टाकलं होतं. या एकट्या डबा घेऊन माझ्या खोलीत आल्या आणि तेव्हापासून रोज येतात. माझ्या आईच्या आजारपणात त्यांनी दवाखान्यात माझ्यासोबत तीन दिवस काढले होते. गौरवांकात त्यांची आठवण अशी दिसत होती: 'साहेबांनी माझ्या नोकरीला स्थैर्य दिलं. त्यांच्या एका मोठ्या कार्यात मला खारीचा वाटा उचलता आला.'

मूळ टंकन असं होतं:

'हेमाची वही मी कपाटातनं काढून तुमच्या हातात दिली. दुसरी किल्ली माझ्याकडं असायची. तुम्ही मला कायम केलंत. मी अकरा वर्षं तिच्यासमोर बसून जेवते. तुम्हाला किडे पडोत, आणि मला आधी पडोत.'

मी ते चार वेळा वाचलं. रेठरेकर चोर आहेत हे मला माहीतच होतं, त्यांचा राग मी रोज सकाळी चहाबरोबर घ्यायचे. हा राग नवीन होता आणि तो कुठे ठेवायचा ते मला कळेना. पोटात ठेवला.

आता नीट सांगते माझ्या हातात काय होतं. हा माझा पुरावा होता, अकरा वर्षांतला पहिला आणि एकुलता. फोटो काढून ठेवून उपयोग नव्हता, हल्ली कसलंही चित्र कुणालाही दोन मिनिटांत बनवता येतं आणि चौकशीत त्याला कुणी विचारत नाही. खरी वेबसाइट जुन्या संपादकावर नेली तरच मूळ टंकन लयीच्या मोहरेसकट कायमचं नोंदीत जाणार होतं. मग ते कुणालाही पुसता आलं नसतं. आणि तीस दिवस उलटले की नववी आवृत्ती जुन्या आवृत्तीचं तळघर धुऊन काढणार होती. तिसाव्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत. प्रमुख पाहुण्यांच्या सोयीने सोहळा दोनदा पुढे गेला होता, तो आता नेमका तिसाव्या दिवशी चार वाजता होता. देव आहे, असं मला त्या दिवशी वाटलं.

एक वाट आणखी होती. सुनेत्राताईंची आठवण आधी काढून टाकायची आणि मग बटण दाबायचं. रेठरेकरांची भर सभेत शोभा झाली असती आणि ताई सुटल्या असत्या. पण मग माझा शोध माझा झाला नसता. आणि ताईंना निवृत्तीला सात महिने राहिले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई डबा घेऊन आल्या. मी त्यांना एक संधी द्यायचं ठरवलं होतं. एकच.

"घे की गं, आज शेवग्याची आमटी केलीय," त्या म्हणाल्या. "तुझं तोंड का असं उतरलंय?"

"ताई, सोहळा आला ना जवळ, जुनं सगळं आठवतंय," मी म्हटलं. "माझी वही कुणी नेली असेल हो?"

त्यांचा हात आमटीच्या वाटीवर थांबला. एवढंसं थांबला. मी बघत नसते तर कळलंही नसतं. मग त्यांनी माझ्या ताटलीत आमटी वाढली, वरून एक शेंग ठेवली आणि म्हणाल्या, "अकरा वर्षं झाली की गं हेमा. सोड आता. उगाळून काय मिळतंय? जिवाला त्रास नुसता."

"सोडू म्हणता?"

"सोड बाई. देव बघतोय."

"हो," मी म्हटलं. "बघतोय."

मी आमटी खाल्ली. चांगली झाली होती. त्या 'सोड आता'ने माझा निर्णय करून टाकला. चोराने म्हणावं सोड, हे मी समजू शकते. पण ज्या बाईने चोराला किल्ली दिली तिने मला आमटी वाढत, माझ्या जिवाची काळजी करत सोड म्हणावं? मी एकशे सदतिसावी आठवण काढली नाही.

तिसाव्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. व्यासपीठावर फेटे, शाली, श्रीफळं, पंचाहत्तर दिव्यांचं ताट. मागे भला मोठा पडदा. मी बाजूला संगणकापाशी बसले होते. तिसऱ्या रांगेत कडेला सुनेत्राताई होत्या, मोरपंखी साडी नेसलेल्या. त्यांनी मला हात केला. मीही केला.

निवेदनाला आमचे ग्रंथपाल घाटगे होते. घाटगे कागद दिसला की वाचतात, अर्थ नंतर बघतात. मानपत्र झालं, आणि मग ते घसा साफ करून म्हणाले, "आता गौरवांकाचं लोकार्पण होईल. निवडक आठवणी आपण पडद्यावर पाहणार आहोत. उपस्थितांनी आपापल्या मोबाइलवरही पान उघडावं."

पाहुण्यांनी बटण दाबलं. त्याच्या आधी अर्धं मिनिट मी माझं दाबलं होतं.

"पहिली आठवण," घाटगे खड्या आवाजात वाचू लागले, "म्हातारा एकदाचा खपला की पेढे..."

ते थांबले. मागून कुणीतरी खिंकाळल्यासारखं हसलं. मग सभागृहभर मोबाइल उघडले गेले. दोनशे माणसं एकाच वेळी एकच मजकूर वाचत होती, दोन वर्षांत पहिल्यांदा. प्रत्येकाने आधी स्वतःचं नाव शोधलं, हे मी कडेला बसून बघत होते. चेहरे पांढरे पडत गेले. लेखा विभागातले ते गृहस्थ खुर्चीतून उठून सरळ दाराबाहेर गेले.

रेठरेकर पडद्याकडे वळून वाचत होते. फेटा कलला होता. या माणसाने दोन वर्षं स्वतःबद्दल फक्त स्तुती वाचली होती आणि मला वाटतं त्याआधीही फारसं वेगळं काही वाचलं नसावं.

"टिळेकर!" ते ओरडले. "बंद करा ते! काय प्रकार आहे हा?"

"सर, जुन्या संपादकाकडे परत गेलंय," मी जागेवरूनच म्हटलं. माझा आवाज अगदी स्थिर होता, त्याचं मला आजही कौतुक वाटतं. "लोकांनी लिहिलं तेच दिसतंय. आता बदलता येत नाही."

"हे खोटं आहे! मशीनने काहीतरी केलंय!" ते पाहुण्यांकडे वळले. "साहेब, यंत्राची चूक आहे. कुणीतरी खोडसाळपणा करून..."

"एकशे सदतीस वाचा, सर," मी म्हटलं आणि ती पडद्यावर मोठी करून लावली.

सभागृहाने वाचली. कुजबुज उठली आणि सगळ्या माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या. ताई बसून होत्या. पदराचं टोक त्यांनी मुठीत धरलं होतं.

"कोष्टीबाई," रेठरेकर म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला, "सांगा ना यांना. हे तुम्ही लिहिलेलं नाही. असं तुम्ही लिहाल का कधी?"

त्यांना नाही म्हणता आलं असतं. लयीची मोहर होती हे खरं, पण वकील लावला असता तर वर्षभर वाद चालला असता आणि तेवढ्यात त्या सुखाने निवृत्त झाल्या असत्या. रेठरेकरांनी त्यांना वाट दाखवली होती, तीही जुन्याच गोड आवाजात.

ताई उठल्या. पुढच्या खुर्चीला धरून उभ्या राहिल्या.

"मीच लिहिलंय," त्या म्हणाल्या. "वही मीच दिली यांना. यांनी माझ्यासमोर पेटीत घातली." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्या खाली बसल्या.

रेठरेकरांनी महिनाभरात राजीनामा दिला. बाहेरची चौकशी समिती बसली. वही त्यांच्या बंगल्यातल्या पेटीत सापडली. काही माणसं आपली चोरी जाळत नाहीत, जपून ठेवतात. जिवाणूचं नाव बदलायचा प्रस्ताव गेलाय. काय नाव द्यायचं असं मला विचारलं तेव्हा मी 'हरिपूर' म्हणाले. लोकांना त्यात माझा मोठेपणा दिसला. दिसू दे.

संस्थेत आता सगळे जुन्या संपादकातच लिहितात. समरसचा धसकाच घेतलाय. पूर्वी दिवसाला पन्नास टिपणं यायची, आता चार येतात, तीही जपून लिहिलेली. टिपणं-अर्जांतल्या एकमेकांना घातलेल्या शिव्याही उघड्या पडल्यावर माणसं आठवडाभर तोंडं फिरवून होती, मग हळूहळू बोलायला लागली. लेखा विभागातले ते गृहस्थ त्यांच्या टकल्या साहेबांबरोबर चहा पिताना मी परवा बघितले.

सुनेत्राताईंना निलंबित केलंय. गेल्या रविवारी त्या घरी आल्या. मी आत या म्हटलं नाही, त्या उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

"मला वाचव म्हणायला नाही आले मी, हेमा."

"मग?"

"तेव्हा घरी आमच्या ह्यांचं काम सुटलं होतं. मी पंचवीस वर्षं हंगामीच. साहेब म्हणाले, एक वही आण, कायम करतो. मला काय ठाऊक त्यात काय होतं."

"नंतर कळलं ना?"

"कळलं."

"अकरा वर्षं होती, ताई, तुमच्याकडे. रोज अर्धा तास."

"होती," त्या म्हणाल्या. "रोज घरातनं निघताना ठरवायची, आज सांगायचं. मग तू डबा उघडून हसायचीस." त्यांनी डोळे पुसले नाहीत, तसंच बोलत राहिल्या. "तुझ्याबरोबर जेवणं मात्र खोटं नव्हतं गं."

मी दार लावलं. लावून बराच वेळ तिथेच उभी होते, त्यांच्या चपलांचा आवाज जिना उतरून जाईपर्यंत.

आज समितीचा अर्ज आलाय. सुनेत्रा कोष्टी यांनी स्वतःहून कबुली दिल्यामुळे चौकशी सोपी झाली, म्हणून त्यांना माफीचा साक्षीदार मानावं, असा समितीचा विचार आहे. शब्द कोर्टाकडून उसना घेतलेला आहे, पण अर्थ तोच. मानलं तर ताई चार महिन्यांनी रीतसर निवृत्त होतील. नाही मानलं तर बडतर्फ, छत्तीस वर्षांची नोकरी पाण्यात. खाली तक्रारदारासाठी एक चौकोन आहे: 'आपली हरकत आहे किंवा नाही?' मी जे लिहीन तेच होईल, असं अध्यक्षांनी फोनवर सांगितलं. अर्ज आमच्याच वेबसाइटवर भरायचा आहे, मी परत आणलेल्या जुन्या संपादकात.

सकाळपासून मी त्या चौकोनासमोर बसले आहे. दुपारी जेवायची वेळ झाली आणि टळली. मी त्यांचा चेहरा आठवून बघितला, दवाखान्यातले तीन दिवस आठवून बघितले, आणि मग ताटलीत ठेवलेली ती शेंग आठवली.

मी लिहिलं: हरकत आहे.

समरस असता तर त्याने याचं काहीतरी केलं असतं. 'तक्रारदार अद्याप व्यथित असून त्यांना अवधी हवा आहे,' असं काही. मी थांबले. हे दोन शब्द कुणीतरी माझ्या हातून घेऊन मऊ करावेत, असं मला फार वाटलं. पडद्यावर ते जसेच्या तसे होते, मी लिहिले तसे.

मी 'पाठवा' दाबलं.